दातांना पुरून उरणारा चमचा

सप्टेंबर सरत आला, सामुद्रधुनीत लुफर मासे उतरले, आणि बेयकोझच्या धक्क्यावर रिफ्कीची होडी तेवढी ताडपत्री पांघरून पडून राहिली. उन्हाळ्यापासून त्याचा उजवा हात थरथरत होता. लुफरला फसवायला शिशाचा मासा लागतो, आणि तो दर खेपेला सुरीने खरवडून लखलखीत करावा लागतो. काळवंडलेल्या शिशाकडे लुफर ढुंकूनही बघत नाही. ज्याला आपलं आमिष आपल्या हाताने तयार करता येत नाही त्याने होडीत पाय ठेवू नये, असं रिफ्कीनेच चाळीस वर्षं सगळ्या धक्क्याला ऐकवलेलं. आता बोललेलं गिळता येत नव्हतं.

"यंदा राहू दे," तो म्हणाला.

त्याच्या मुलीला, मुअल्लाला, पक्कं ठाऊक होतं. यंदा राहिलं की कायमचंच राहिलं.

म्हणून आठ महिन्यांच्या लेकीला, सेदेफला, पोटाशी बांधून ती फेरीबोटीने काराक्योयला गेली, आगोप उस्तादांच्या दुकानात. बाबांचे शिशाचे मासे इथूनच येत.

"खरवडायला नको असं काहीतरी द्या. आणि टिकाऊ."

उस्तादांनी रबरी मासा काढला. त्याची शेपूट अशी वळवळत होती की सेदेफ खिदळली.

"छान आहे हो," मुअल्ला म्हणाली, "पण पहिला लुफर शेपूट नेणार, दुसरा पोट. तिसऱ्याला काय देऊ, तुमचं दुकान?"

"रिफ्कीची पोर शोभतेस!"

मग रंगवलेला लाकडी मासा आला. तिने त्यावर घराची किल्ली फिरवली, तर रंगाचा पापुद्रा सुटला. पितळेचा पातळ पत्रा दोन बोटांत वाकला. शेवटी उस्तादांनी तळच्या खणातून बोटभर लांबीचा पोलादी चमचा काढला, म्हणजे दांडा नसलेल्या चमच्यासारखं आमिष. जाड, बिनरंगाचा, कधी न काळवंडणारा, टोकाला कडी आणि कडीत गळ. किल्लीने ओरखडा उठेना, जोर लावूनही वाकेना.

"गळ मोडला तर गळ बदलायचा, चमचा तोच. पुढे वीतभर तार बांध, नाहीतर लुफरच्या दातांनी दोरा कात्रीने कापल्यासारखा जाईल. पण हे तुला मी काय सांगायचं!"

घरी रिफ्कीने चमचा उलटासुलटा पाहिला. "ह्याने सूप प्यायचं का?"

"बाबा, वापरून तर बघा."

"कारखान्यातला माल. माझ्या शिशावर एकेका माशाचे दात उमटलेत, बघ. ह्याच्यावर काय उमटणार, कपाळ?"

आणि त्याने हट्टाने शिसं नि सुरी घेतली. दुसऱ्यांदा खरवडतानाच सुरी घसरली. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. सुरी खाली ठेवून तो खिडकीबाहेर बघत बसला. मुअल्लाने अंगठ्याला पट्टी बांधली.

सेदेफला तेव्हा खालचे दोन दात फुटले होते. टेबलाची कड, आईचा खांदा, आजोबांच्या सपाता, काही सुटत नव्हतं. शिसं विषारी, ते तर तिच्या वाऱ्यालाही ठेवता येत नसे. मुअल्लाने चमच्याचा गळ काढला, चमचा उकळला आणि तिच्या मुठीत दिला. दोन दिवस बाई त्यालाच चावत होत्या.

बेयकोझमध्ये सगळ्यात पिटुकल्या लुफरला तमालपत्र म्हणतात, सगळ्यात थोराडाला कोफाना. रिफ्की नातीलाही तेच म्हणे.

"दे ग तमालपत्रा, बघू तरी." तिसऱ्या दिवशी त्याने लाळेने माखलेला चमचा सोडवून घेतला, सदऱ्याला पुसला, चष्मा लावून उजेडात धरला. बराच वेळ फिरवत राहिला.

"एक ओरखडा नाही."

"मग!"

"गळ कुठाय?"

मुअल्लाने गळ आणि पक्कड पुढ्यात ठेवली. त्याने कडी फाकवली. गळ पडला. उचलला, पुन्हा पडला, टेबलाखाली गेला. तिने वाकून काढून दिला आणि मुकाट्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले, नाहीतर ते आपसूक पुढे गेले असते. तिसऱ्यांदा हुकलं. चौथ्यांदाही. टेबलावरचा चहा निवून त्यावर साय धरायची वेळ आली असती, पण इथल्या चहात दूध नसतं. मग एकदाची कडी मिटली. तार बांधायला त्याहून जास्त वेळ लागला. रिफ्कीने ती दातांनी आवळली, ओढून पाहिली.

"स्वतः बांधली," तो म्हणाला, कुणाला उद्देशून कोण जाणे.

"पाहिलं मी."

त्याने चमचा सेदेफपुढे दुरून नाचवला. "तू तमालपत्राची कोफाना होशील ना, एवढी थोरली, तोवर टिकेल हा."

"तेव्हा तिला शिकवायला कुणी नको?"

"मग मी कुठे चाललोय?" तो गुरकावला. टोपी घातली, दारापर्यंत गेला, आणि तिथेच थांबला.

"मुअल्ला, ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला ये. ते एकट्याने नाही व्हायचं."

तिने सेदेफला पोटाशी बांधलं आणि ती निघाली.