मानूसोसच्या म्होरक्याची घंटा

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो. देवळातली नव्हे, मेंढ्याच्या गळ्यातली. क्रीट बेटाच्या डोंगरात, मानूसोस मेंढपाळाच्या घरात, मी खिळ्याला टांगलेली आहे. कोपऱ्यात अंधारात आहे तेच बरं. मला कुणाला तोंड दाखवायची लाज वाटते.

मला घडवताना मानूसोस ओताऱ्याच्या दुकानात ठाण मांडून बसला होता. "अजून घोगरी कर रे! दरीपलीकडून ऐकून बायको म्हणाली पाहिजे, आला आपला कळप!" ओताऱ्याने घासून घासून मला तो आवाज दिला. मग मी म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात वाजू लागले. धुक्यात चुकलेली कोकरं माझ्या आवाजावर परत येत. मानूसोस मिशीला पीळ देऊन म्हणे, "अशी घंटा अख्ख्या बेटावर नाही!" मी अगदी फुलून जाई.

एका उन्हाळ्यात वणव्याने कुरणं जळाली. सरकारने चारा पाठवला. तो ठरावीकच होता आणि मेंढ्यांच्या संख्येप्रमाणे वाटायचा होता. मानूसोसच्या मेंढ्यांची मोजणी झाली, तसा त्याचा मेव्हणा सीफिस त्याच्या कानाशी लागला.

"भावोजी, उद्या माझ्याकडे मोजणी. तुमचा कळप एक दिवस माझ्या वाड्यात येऊ द्या. जादा चारा निम्मा निम्मा. सरकारचा तर आहे, कुणाच्या बापाचं काय जातंय? कानातले बिल्ले मी बदलतो, तुम्ही घंटा तेवढ्या काढा."

"घंटा काढू? माझ्या घरात कुणी मेलंय का? अभद्र बोलू नकोस!"

आमच्याकडे घरात मयत झाली तरच काही दिवस कळपाच्या घंटा उतरवतात. कळप न्यायला मात्र तो तयार झाला, म्हणून मी वाजत वाजतच डोंगर ओलांडला.

सकाळी सीफिसच्या वाड्यात मोजणीला सरकारकडून पोलिक्सेनी आली; काल आमची मोजणीही तिनेच केली होती. ती मेंढपाळाचीच लेक. शेजारची विधवा आर्गिरो तिला विचारत होती, "पोरी, वणव्यातून माझ्या मूठभर मेंढ्या वाचल्यात. चारा पुरेल ना गं? नाहीतर कसायाला द्याव्या लागतील." तेवढ्यात म्होरक्याने मान हलवली. पोलिक्सेनी थबकली.

"मानूसोसकाका, ही घंटा काल तुमच्या वाड्यात वाजत होती."

मानूसोस हसला. "घंटांचं काय गं पोरी, सगळ्या सारख्याच वाजतात."

ज्याने हट्टाने माझा आवाज घडवून घेतला, त्यानेच मला नाकारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आर्गिरो पुढे आली. "माझा नवरा गेला तेव्हा आमच्या घंटा तूच उतरवल्यास ना? एकेक वाजवून सांगत होतास, ही काळीची, ही लंगडीची. आणि आता सगळ्या सारख्याच झाल्या होय रे?"

मानूसोसची मान खाली गेली. मग त्याने सारं कबूल केलं. दोघांचा चारा बंद झाला, आर्गिरोला तिचा वाटा पुरता मिळाला. आता सगळ्या वाड्यांची मोजणी एकाच सकाळी होते.

घरी येऊन त्याने आम्हां सगळ्या घंटांना उतरवलं. मुका कळप पाहून शेजारी धावत आले. "कोण गेलं रे, मानूसोस?"

"माझी अब्रू," तो म्हणाला आणि दार लोटून घेतलं.

मित्रांनो, गरजूंसाठी आलेली मदत सरकारची म्हणून लाटू नका. ती म्हणजे कुणाच्या तरी तोंडचा घास. संध्याकाळी पलीकडच्या उतारावरून आर्गिरोच्या मूठभर मेंढ्यांच्या घंटा ऐकू येतात. मानूसोस तेव्हा अंगणात येऊन उभा राहतो. कोणती कुठल्या मेंढीची, हे त्याला अजूनही कळतं. पण तो कुणाला सांगत नाही.