काट्यावरची तहान

नाव ऐकून घाबरू नका. मी एक टेन्शिओमीटर. या घरात मला लाडानं 'टेन्शन' म्हणतात. एक लांब नळी, खाली भाजलेल्या मातीचं सच्छिद्र टोक आणि वर काट्याची तबकडी, एवढाच माझा संसार. नळीत पाणी भरून मला झाडाच्या मुळांजवळ पुरतात. माती सुकली की ती माझ्या पोटातलं पाणी ओढते आणि माझा काटा चढतो. माती ओली झाली की उतरतो. भट्टीतून निघालो तेव्हापासून खरं तेच बोलायचं, हा माझा हट्ट.

दुकानाच्या फळीवर मी बरीच धूळ खाल्ली. मग सूनबाईंनी मला घरी आणलं. त्यांची ऑलिव्हची बाग उतारावर आहे. विहीर एकच, आणि तिचं सगळं पाणी वरची झाडंच पिऊन टाकत. खालची जुनी झाडं वाळत चालली होती. सासरे ती तोडायला निघाले होते. करवतवाल्याशी बोलणंही झालं होतं.

"बाबा, वरच्या झाडांना खरंच किती लागतं ते मोजू. वाचेल ते खाली देऊ," सूनबाई म्हणाल्या.

"पाणी देताना हात आखडायचा नसतो," बाबा म्हणाले. "पण बघ. फळं भरेपर्यंत मुदत. नाहीतर करवत."

ती झाडं वाचवायचीच, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

मला वरच्या एका झाडापाशी पुरून कामावर जाताना सूनबाई सासूबाईंना सांगून गेल्या, "आई, त्याला पाणी घालत जा हं. कोरडा पडू देऊ नका."

सासूबाई शब्दाच्या पक्क्या. रोज सकाळी मायेनं मगभर पाणी आणायच्या आणि माझ्या बुडाशी ओतायच्या! रोपाला घालतात तसं. वर म्हणायच्या, "वाढ रे बाळा." मी ओरडणार कुठल्या तोंडानं? बुडाशी चिखल, म्हणून काटा शून्यावर. तो बघून सूनबाई ठिबकचा नळ बंदच ठेवायच्या. आजूबाजूची झाडं मात्र तहानलेली. पानं वळली, कोवळी फळं सुरकुतली. खरं बोलूनही मी खोटा ठरत होतो, आणि त्याचा मला भयंकर राग येत होता.

शेवटी बाबांनी माझी मान धरली. "हेच का तुझं मोजमाप? उपटतोच याला!"

"अहो, थांबा," सासूबाई पाण्याचा मग घेऊन लगबगीनं आल्या. "त्याचं पाणी घालायचं राहिलंय."

सूनबाईंनी कपाळावर हात मारला. "आई, नळीत घालायचं होतं! आत!"

"मग तसं सांगायचं ना! त्याला घाला म्हणालीस, त्याला घातलं."

बाबांना हसू आवरेना. माझी मान सुटली.

मला दुसऱ्या झाडापाशी नीट बसवलं. मीही कंबर कसली. काटा चढला की पाणी, उतरला की बंद. निघालं ते असं, की बाबा देत होते त्याहून बरंच कमी पुरतं, पण सूनबाईंना वाटलं होतं तितकं कमीही नाही. दोघांचीही थोडी जिरली.

वाचलेलं पाणी खाली गेलं. काही झाडं तरीही गेलीच, त्याचं दुःख आहे. बाकीच्यांना नवी पालवी फुटली, आणि करवतवाल्याला बाबांनी दारातूनच परत पाठवलं.

आता मी त्या खालच्या रांगेत उभा आहे. बाबांनीच हातानं खड्डा घेऊन मला इथं बसवलं. आज माझा काटा चढलाय. विहीर तळाला गेलीय. बाबा नळावर हात ठेवून उभे आहेत आणि हात काही फिरत नाही.

बाबा, मी फक्त कमी करायलाच आलोय असं समजू नका. माझ्या शब्दावर नळ बंद केलात, तसा माझ्याच शब्दावर आता सोडा. ही झाडं खरोखर तहानली आहेत.