लामाच्या पायातल्या चिखलातून

मित्रांनो, मी एक जुनी पाणपिसू आहे. खसखशीच्या दाण्याएवढी. पाण्यात पोहायला लागून मला थोडेच दिवस झाले. त्याआधी कित्येक वर्षं मी अंड्याच्या काळ्या कवचात पडून होते.

आमचं तळं बोलिव्हियाच्या उंच पठारावर होतं. खाणवाल्यांनी वरचा झरा वळवला आणि ते आटत गेलं. आई गेली, मावश्या गेल्या. चिखलात उरलो आम्ही, नुसती अंडी. चिखल तडकल्याचा आवाज आला की मी भीतीनं आक्रसून जाई.

एके सकाळी होविता नावाची मुलगी तिचे लामा, म्हणजे लांब मानेची लोकरीची जनावरं, घेऊन शेवटच्या डबक्याशी आली. तिचा थोरला भाऊ इलारिओ म्हणाला, "आता निघायलाच हवं. रस्तावाले इथं खडी ओतणार आहेत."

"ओतू देत मेल्यांना!" ती म्हणाली.

मोरेना नावाच्या लामा-मादीचा पाय चिखलात रुतला. मी तिच्या बोटांच्या बेचक्यात अडकले. बहुतेक बहिणी मागेच राहिल्या.

पुढं मिठाचं मैदान लागलं. मोरेना लंगडू लागली. इलारिओनं सुरी काढली.

"चिखलाचा गोळा सुकलाय. खरवडतो."

मी गारठले. त्या मिठात पडले असते तर संपलेच असते.

"दादा, वावटळ येतेय! तुझं न्हाव्याचं दुकान पाण्यावर गेल्यावर मांड."

"मग लंगडीला खांद्यावर तू घेणार?"

"तुला नाही का जन्मभर वाहिलं?"

तो हसला नाही. पातं टेकलं. एक ढलपा गळाला, त्यात माझ्यासारखी कितीतरी होती. पातं पुन्हा टेकणार, तोच वावटळ आली. मोरेनानं पाय हिसडला नि ती उधळली. पांढऱ्या धुळीत दोघं हाका मारत तिच्यामागं धावले. होविताचं रडणं मला ऐकू येत होतं.

मोरेना सापडली ती एका दूरच्या तळ्यात, गुडघाभर पाण्यात. होवितानं तिच्या गळ्याला मिठी मारली. "जीव घेतलास ना गं माझा!"

चिखल विरघळला. मी तळाशी गेले. काही दिवसांनी ऊन खालपर्यंत पोचलं आणि माझं कवच उकललं.

इथं आमच्यातलं कुणीच नव्हतं. पण आम्हा पिसवांना नर नसला तरी पिल्लं होतात; आता माझ्या लेकी आहेत. तरी वर पक्ष्याची सावली पडली की आम्ही सगळ्या तळाकडे पळतो.

मित्रांनो, आटलेलं तळं रिकामं नसतं. त्यावर खडी ओतण्याआधी निदान एका पावसाची वाट बघा. माझ्या बहिणी तिथं खाली आहेत, आणि त्यांना हाक मारता येत नाही.