फळीमागचा पंखा

मित्रांनो, मी पंखा आहे. पण ज्याच्याखाली तुम्ही उन्हाळ्यात पाय पसरून झोपता, तो नव्हे. मी वारा घालत नाही. मी आतली हवा ओढतो आणि बाहेर टाकतो. एका घराच्या मागच्या वर्कशॉपमध्ये, भिंतीला चौकोनी भोक पाडून माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर मला बसवलं, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. चार पाती, एक मोटर, आतून जाळी, बाहेर गल्लीच्या अंगाला पत्र्याच्या झडपा. एवढाच माझा संसार.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्यातून माझी पाती कापली, वाकवली, तोलून पाहिली. पहिल्यांदा वीज अंगातून गेली तेव्हा मी इतका थरथरलो की तपासणीच्या टेबलावरून खालीच पडणार होतो. मग स्थिरावलो. तपासनिसाने माझ्या पाठीवर खडूने बरोबरची खूण केली. आयुष्यात लेखी कौतुक मला तेवढंच मिळालं आणि तेही पहिल्याच आठवड्यात पुसलं गेलं.

ज्यांच्याकडे मी आलो त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते शाळेत कधी शिकवायला गेले नव्हते. पण आजूबाजूच्या दहा गल्ल्यांतल्या वेल्डरांनी वेल्डिंगची पहिली काडी त्यांच्यासमोर पेटवली होती, म्हणून मास्तर. दार, खिडकी, जिना, गेट, काय म्हणाल ते मास्तर जोडून देत. काडी लोखंडाला टेकली की निळा उजेड पडे आणि कडवट धूर उठे. तो धूर मी ओढत असे. आमच्या जातीला गाणं असतं, ते फक्त आम्हाला ऐकू येतं.

*आतलं बाहेर, बाहेर वारा,*
*माझ्या पात्यांना एवढाच चारा.*

असं गुणगुणत मी वीस-बावीस वर्षं धूर खाल्ला. माझी पाती काळी पडली. एकदा जाळी साफ करताना मास्तरांच्या हातून पाना निसटला आणि एका पात्याचं टोक वाकलं. तेव्हापासून फिरताना मी जरा लंगडतो. मास्तर म्हणाले, "राहू दे, मीही कुठे सरळ चालतो."

आमच्या वर्कशॉपमध्ये एक खड्डा होता. पूर्वी तिथे मोटारी दुरुस्त होत. मोटारीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून तो खणलेला. पुरुषभर खोल, अरुंद, लोखंडी शिडीचा. मास्तरांनी त्यावर फळ्या टाकल्या होत्या आणि आत जुने पत्रे, पट्ट्या, सळ्या ठेवल्या होत्या. त्या खड्ड्यात एक रातकिडा राहत असे. खाली कायमचा अंधार असल्यामुळे तो दिवसाही किर्र करी. मास्तरांना तो ऐकू येत नसे. ग्राइंडरच्या आवाजात त्यांचे कान केव्हाच गेले होते. मला मात्र तो ऐकू येई. मी थांबलो की तो सुरू होई, तो थांबला की मी. असे आम्ही दोघे शेजारी.

मग मास्तरांचा हात कापायला लागला. कामं कमी झाली आणि एक दिवस मास्तरांनी काडीचा डबा फळीवर ठेवला तो ठेवलाच. मी बंद पडलो नाही, मला कुणी चालू केलं नाही. मित्रांनो, या दोन गोष्टींत फार फरक आहे.

मास्तरांना एकच लेक. ती एका मोठ्या कारखान्यात टिग वेल्डिंग करते. हे वेल्डिंग वेगळं. एका हातात पेन्सिलीसारखी बंदूक, तिच्या टोकाला बारीक सुई आणि सुईभोवती आर्गॉन नावाचा वायू. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून हा वायू त्याच्यावर पदर धरतो. धूर जवळजवळ नाही. ठिणग्या नाहीत. मास्तरांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लेकीला विचारलं, हे वेल्डिंग आहे की भरतकाम? ती म्हणाली, "भरतकामच आहे, बाबा. तुमचं ते गोधडी शिवणं होतं." मास्तरांची बायको दारात उभी होती. तिने दोघांना सुनावलं की भरतकाम असो की गोधडी, घरातलं एक फाटकं उशीचं कव्हर या दोघांपैकी कुणाच्या हातून शिवून झालेलं नाही.

लेकीने घरीच काम सुरू करायचं ठरवलं. बेकरीवाल्याने तिला पीठ भिजवायची स्टीलची टाकी जोडायला दिली होती. ती जमली तर पुढची कामंही तिलाच. महिनाभर तिने वर्कशॉप तयार केलं. भिंतींना पांढरा रंग दिला. वीस वर्षांचा लोखंडाचा भुगा झाडून काढला. तेलकट चिंध्या फेकल्या, वाळूची बादली भरून ठेवली, मशीनसाठी जाड वायर आणि वेगळं बटण बसवलं. माणसाएवढा उंच सिलिंडर आला, तो तिने भिंतीला साखळीने बांधला. मी सगळं पाहत होतो. मला वाटलं, आता माझीही पाती पुसली जातील.

तिने मला चालू केलं, टाकीचा एक तुकडा जोडून पाहिला आणि जोड वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखा भोकाभोकांचा झाला. माझ्या ओढीने वायूचा पदर उडाला होता. दोष माझा नव्हता, पण मी कारण होतो. तिने दाराखाली रबराची पट्टी लावली. खिडकीच्या फटी कागद चिकटवून बुजवल्या. मग ती माझ्याकडे वळली. माझी वायर कापली, टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळली, जाळी काढली आणि चौकटीवर प्लायवुडची फळी ठोकली.

त्या फळीला एक जुनं खिळ्याचं भोक होतं. त्यातून मला एका डोळ्याने दिसत असे: सिलिंडर, मशीन आणि खड्डा. आता त्या खोलीत हवा येत नव्हती, जात नव्हती. बोललेला शब्दही बाहेर पडत नसे, तो पांढऱ्या भिंतींना लागून जमिनीवर बसे.

लेक दिवसा कारखान्यात जाई. आणि दुपारी, बायकोचा डोळा लागला की, मास्तर चोरपावलांनी वर्कशॉपमध्ये येत. दार लावून घेत. लेकीचं मशीन चालू करत, सिलिंडर उघडत, बंदुकीची छोटी चावी फिरवत आणि कापऱ्या हाताने भंगाराच्या पट्टीवर एक रेघ ओढत. रेघ वाकडी जाई. पुन्हा ओढत. लेकीला जमतं ते आपल्याला जमेल का, एवढंच त्यांना पाहायचं होतं, आणि जमलं नाही तर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पट्टी ते फळ्यांखाली खड्ड्यात टाकून देत.

शनिवारी दुपारी त्यांची रेघ पहिल्यांदा सरळ आली. ते तिच्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात दारावर जोरात थाप पडली. बायको चहा झाल्याचं सांगायला आली होती. मास्तर दचकले. बंदूक खड्ड्याच्या कडेच्या खिळ्याला अडकवली, बटण बंद केलं आणि निघून गेले. आयुष्यभर त्यांनी तसंच केलं होतं. काडीच्या वेल्डिंगमध्ये बटण बंद म्हणजे सगळं बंद.

पण वायू बटणाचं ऐकत नाही. सिलिंडर उघडा होता, बंदुकीची चावी उघडी होती. दार लागलं आणि मला आवाज ऐकू आला. सुस्स. अगदी हलका. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा, पण फक्त सोडलेला. घेतलेला श्वास मध्ये नव्हताच.

मित्रांनो, मी जन्मभर हवेत राहिलो आहे. मला धूर कळतो, ओल कळते, पाऊस येणार असला तर तेही कळतं. पण हे जे खोलीत आलं होतं, त्याला वास नव्हता, रंग नव्हता, ऊब नव्हती. ते हवेपेक्षा जड होतं. ते पाण्यासारखं खाली उतरलं, फळ्यांच्या फटींतून खड्ड्यात शिरलं आणि तिथे साचू लागलं. ते काही करत नव्हतं. नुसतं जागा घेत होतं. शिडीची एक एक पायरी चढत ते वर येत होतं.

संध्याकाळी रातकिडा किर्र करता करता मध्येच थांबला. मी त्याची वाट पाहिली. तो पुन्हा बोलला नाही. उजेड जायच्या आधी एक पतंग खड्ड्यावर घिरट्या घालताना दिसला. फळीच्या फटीजवळ उतरला आणि पान गळावं तसा आत गेला. मला हाक मारायला तोंड नाही, धावायला पाय नाहीत. ज्या एका कामासाठी मला घडवलं, ते करायला माझ्यापाशी वीजही नव्हती.

रविवारी सकाळी कधीतरी सुस्स थांबलं. सिलिंडर रिकामा झाला होता. आता तर काहीच ऐकू येत नव्हतं. खोली स्वच्छ, पांढरी, नीटनेटकी. वाट बघत बसल्यासारखी.

सुट्टीचा दिवस म्हणून लेक दुपारी टाकीचं काम करायला आली. आत आल्याबरोबर तिने सवयीने दार ओढून घेतलं. टाकीचा पत्रा पातळ होता; जोडताना मागून टेकू द्यायला तिला तांब्याची पट्टी हवी होती आणि ती खड्ड्यात होती. तिने दोन फळ्या बाजूला केल्या. शिडीवर एक पाय ठेवला.

टक्.

फळीच्या मागून आवाज आला. तिने वळून पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. मित्रांनो, माझं वाकडं पातं फळीवर आपटलं होतं.

ती हसली. बाबा गल्लीतून खोड्या काढतायत असं तिला वाटलं असावं. ती आणखी दोन पायऱ्या उतरली. टक्. टक्. ती थांबली, वर आली, वाकून फळीला कान लावून उभी राहिली. तिचा श्वास त्या भोकातून माझ्यापर्यंत आला, गरम, ओला, जिवंत. मी हललो नाही. हलता येईनाच. ती पुन्हा खड्ड्याकडे वळली. या वेळी भराभर उतरली. कंबर गेली, खांदे गेले, हनुवटी जमिनीच्या पातळीला आली. तिने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं आणि कपाळाला हात लावला.

मग मी फिरलो. पूर्ण फिरलो. टक् टक् टक् टक्, फळीचे खिळे हलतील असा. ती वैतागून वर आली, काठावर क्षणभर बसली, डोकं झटकलं आणि दार उघडून तरातरा मागच्या गल्लीत गेली.

गल्लीत कुणी नव्हतं. एक पान हलत नव्हतं. शेजारच्या दोरीवरचे कपडे सरळ लोंबत होते. माझ्या झडपा मिटलेल्या होत्या.

मास्तर पुढच्या पायरीवर पेपर वाचत बसले होते. तिने त्यांना मोठ्या आवाजात विचारलं, पंख्यावर टकटक कोण करत होतं. मास्तर म्हणाले, त्या पंख्याला वीज नाही आणि आज वाराही नाही. तरी उठून ते बघायला आले. दारातूनच त्यांची नजर सिलिंडरच्या काट्यावर गेली. आठ दिवसांपूर्वी आणलेला सिलिंडर, आणि काटा शून्यावर. मग खिळ्याला अडकवलेली बंदूक दिसली. मग उघडा खड्डा.

त्यांनी लेकीचा दंड धरला तो इतका घट्ट की तिला दुखलं.

तरुणपणी मास्तरांनी बंद टाक्यांत उतरून कामं केली होती. त्यांच्या उस्तादाने त्यांना एक गोष्ट शिकवली होती. त्यांनी मेणबत्ती मागवली, तारेला बांधून पेटवली आणि दूर उभं राहून खड्ड्यात सोडली. ज्योत जमिनीच्या खाली वीतभर गेली आणि विझली. फडफडली नाही, बारीक झाली नाही. कुणी चिमटीत धरावी तशी गेली. त्यांनी पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. त्याच जागी, तशीच.

लेक त्या काळ्या वातीकडे बघत राहिली. आपण किती खाली गेलो होतो ते तिने मनातल्या मनात मोजलं असावं. ती काठापासून मागे सरकली.

मास्तरांनी विझलेली मेणबत्ती वर ओढून घेतली. ते म्हणाले, "काल मी तुझं मशीन लावलं होतं. रोजच लावतो. बटण बंद केलं. गॅस बंद करायचा असतो, हे डोक्याला माहीत आहे, या हाताला नाही."

 तिने माझ्यावरच्या फळीकडे बोट दाखवलं. "आणि गॅसला बाहेर जायला वाट मी ठेवली नाही. कारखान्याची दारं हत्ती जाईल एवढी असतात, बाबा. मला घराची सवयच नाही."

मास्तरांनी पहारीने फळी काढली. एका डोळ्याने पाहणाऱ्याला सगळी खोली दिसली. लेकीने माझी वायर जोडली. जाड लवचीक नळीचं एक टोक खड्ड्याच्या तळाशी सोडलं, दुसरं माझ्या चौकटीला बांधलं आणि बटण दाबलं. ते माझ्यातून गेलं. थंड, बेचव, कुणाचंच नसलेलं. अंधार पडेपर्यंत मी ते गल्लीत ओतत राहिलो आणि घरातली तिघं उघड्या दाराबाहेर पायरीवर बसून राहिली. मेणबत्ती तळाशी जाऊन जळत राहिली, तेव्हाच लेक उठली.

आता तो खड्डा खडी-सिमेंटने भरून टाकला आहे. भरण्याआधी लेकीने आतून मास्तरांच्या पट्ट्या वर काढल्या. एकेक हातात घेऊन पाहिली. सरळ रेघेची पट्टी तिने त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाली, "हे चोरून कशाला? मला सांगितलं असतं तर तिसऱ्या दिवशी जमलं असतं." कागद फाडून खिडक्या मोकळ्या केल्या. वारा अडवायला खोली बंद करायची नाही, टेबलाभोवतीच पडदे लावायचे, हे तिने कारखान्यातल्या जुन्या माणसांना विचारून घेतलं. मी हळू फिरतो, पदर उडत नाही. बेकरीवाल्याची टाकी झाली. तिचा तळाचा जोड लेकीने मास्तरांचा कोपर धरून त्यांच्याकडून करून घेतला. काम संपलं की ती विचारते, "गॅस?" आणि मास्तर सिलिंडरला हात लावून म्हणतात, "बंद." त्या कापऱ्या हाताला शिकवणं चालू आहे.

त्या दुपारी मला कुणी फिरवलं, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं. माझ्यातून पंचवीस वर्षं माणसांचे श्वास गेले आहेत. त्यांतला एखादा परत आला असेल का? मला ठाऊक नाही, आणि पुन्हा तसं होईल अशी हमी मी देऊ शकत नाही. माझ्यावर विसंबू नका.

मित्रांनो, आमच्या घरात दोघांनी दोन चुका केल्या. दोन्ही लहान होत्या, दोन्ही एकमेकांपासून लपलेल्या होत्या, आणि खड्ड्याच्या तळाशी त्या एक झाल्या. म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनवणी आहे. घराची श्वास घ्यायची वाट कधी बुजवू नका, ती कितीही जुनी, काळी आणि लंगडी असली तरी. आणि एखादी बंद खोली तुम्हाला नको तेवढी शांत वाटली, तर आत पाऊल टाकण्याआधी दार सताड उघडा, थोडं थांबा आणि बाहेरच्या कुणाला तरी सांगून जा.