किल्ली लावून बघितल्याशिवाय

थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी पोलिसांनी मला उचललं. एका व्यापाऱ्याची तिजोरी न फोडता उघडली गेली होती, आणि त्या भागात कुलपं-किल्ल्यांचं दुकान माझं एकट्याचं. सहा दिवस ठेवलं. चौथ्या दिवशी माझ्या मेहुण्यालाही आणलं. बायकोचा हा धाकटा भाऊ माझ्याच दुकानात किल्ल्या घासायचा. शेवटी त्यांनी एक कागद वाचून दाखवला आणि त्यावर माझा अंगठा घेतला. वाचलं एक आणि लिहिलेलं भलतंच, हे कोर्टात कळलं. आठ महिन्यांनी खरा चोर सापडला म्हणून आम्ही सुटलो.

अटकेनंतर सात वर्षांनी सरकारनं चौकीतल्या मारहाणीवर चौकशी समिती नेमली. मानवी हक्कांचं काम करणारी एक संघटना आमच्यासारख्यांचे जबाब गोळा करत होती. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथले डॉक्टर माराच्या खुणांसाठी तळपाय तपासताना दर वेळी विचारायचे, "हात लावू का?"

बायको मला म्हणाली, "तुम्हाला इतकं मीही कधी विचारलं नाही."

मी सांगितलं ते संघटनेच्या वकीलबाईंनी लिहून घेतलं, टाइप केलं आणि अंगठ्यासाठी समोर ठेवलं. मी हात मागे घेतला.

"मी वाचून दाखवते," त्या म्हणाल्या.

"त्यांनीही वाचूनच दाखवलं होतं."

त्यांना राग आला नाही. "मग काय करू या?"

"किल्ली कुलपात लावून बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. हा कागदही मला स्वतः लावून बघायचाय."

"जबाब द्यायला दहा आठवडे आहेत."

"पंचावन्नाव्या वर्षी?" बायको म्हणाली. "किल्ली गंजलीय हो बाई. तेल जास्त लागेल."

दर मंगळवारी आणि शुक्रवारी वकीलबाई दुकानात येऊ लागल्या. किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधून त्यांनी मला अक्षरं शिकवली. मागचं दार. कपाट. पाण्याची टाकी. मेहुणा कानस चालवता चालवता हसायचा. "दाजी, आता माझ्या चुका लिहून ठेवाल."

दहाव्या आठवड्यात मी, बायको आणि मेहुणा संघटनेत गेलो. मी बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागलो. पहिल्या दोन पानांना तासभर लागला. तिसऱ्या पानावर एक वाक्य आलं : मी कोणाचेही नाव घेतले नाही.

हे मीच सांगितलं होतं. तोंडानं बोललो तेव्हा ते सहज सरकून गेलं होतं. वाचताना एकेका अक्षरावर थांबावं लागत होतं. 'नाव'पर्यंत आलो आणि पुढे जाता येईना.

"अडलं का हो?" बायकोनं विचारलं.

"दम घ्या," वकीलबाई म्हणाल्या.

"हे खोटं आहे."

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "माझ्याकडून चुकीचं लिहिलं गेलं?"

"नाही. मीच खोटं सांगितलं." मग मेहुण्याकडे बघून म्हणालो, "तिसऱ्या दिवशी मी तुझं नाव घेतलं. तू काही केलेलं नाहीस हे ठाऊक असून. मार थांबावा म्हणून."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. "दाजी, डोळ्यांवर पट्टी होती, कानांवर नव्हती. 'तुझ्या दाजीनंच सांगितलंय', हे त्यांचं पहिलं वाक्य."

"मग सात वर्षं बोलला का नाहीस?"

"कधी बोलणार? दिवसभर समोरासमोर बसतो आपण. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकान उघडलं नसतं."

बायको भावाकडे बघेना, माझ्याकडेही बघेना.

वकीलबाई म्हणाल्या, "हे वाक्य नुसतं काढून टाकता येईल. खरं ते लिहिताही येईल. जबाब तुमचा आहे, मी आग्रह करणार नाही."

"लिहिलं तर समितीला काय कळेल?"

"मारलं की खरं बाहेर पडतं, असं चौकीवाले सांगतात. तुमच्या बाबतीत काय बाहेर पडलं, ते कळेल." मग त्या मेहुण्याकडे वळल्या. "नाव तुमचं येणार. चालेल?"

"नाव बरोबर लिहा म्हणजे झालं. चौकीत तेही चुकवलं होतं."

वाक्य बदललं. नवं वाक्य मी दोनदा वाचलं आणि खाली सही केली. एक किल्ली घासून व्हावी, एवढा वेळ त्या सहीला लागला.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "सात वर्षं मी दोघांना एका ओळीत बसवून वाढत होते. मला मात्र कुणी सांगितलं नाही." महिनाभर ती आम्हा दोघांशी कामापुरतंच बोलली. तिचं बरोबर होतं.

वकील हजर नसताना चौकीत घेतलेला जबाब धरायचा नाही, असा नियम चार वर्षांनी झाला. तो सगळीकडे पाळला जात नाही. संघटनेची माणसं अजून चौक्यांच्या पायऱ्या झिजवतात, कधी मीही जातो, आणि भिंतीवर लावलेला नियम आत आणलेल्या माणसाला वाचून दाखवतो. तो म्हणाला, पुन्हा वाचा, तर पुन्हा वाचतो.

मेहुणा नियम लागू होण्याच्या पाच महिने आधी, हिवाळा संपता संपता, फुप्फुसाच्या आजारानं वारला. थोरलीच्या जुळ्यांना तेव्हा अकरावं वर्ष लागलं होतं.