आबांचं इजिप्त

मैथिलीला प्रत्येक गोष्टीतला धोका तेवढा आधी दिसायचा. लेक अंतरा झोपाळ्यावर बसली की तिची नजर आधी कड्यांवर जायची, मग पोरीच्या हसण्यावर. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली ती. बाटलीवरचं सगळं वाचल्याशिवाय औषधाचा थेंब तिनं कधी मुलीला दिला नव्हता. त्यामुळे पेणच्या त्या घरात दवाखान्याचं, बँकेचं, ऑनलाइनचं जे काही निघेल ते आपसूक तिच्याकडे यायचं. इजिप्तची सहलही तशीच तिच्याकडे आली.

खूळ सासऱ्यांचं. शरद त्यांचं नाव, घरात सगळे आबा म्हणायचे. हमरापूरला त्यांचा गणपतींचा कारखाना. उन्हाळ्याच्या सुट्टीत अंतरा एक चित्रांचं पुस्तक घेऊन कारखान्यात गेली आणि आबांच्या मातीनं भरलेल्या हातांसमोर तिनं ते उघडून धरलं. पानावर स्फिंक्स होता. आबा हातातला साचा खाली ठेवून बघत राहिले.

"अंग सिंहाचं, तोंड माणसाचं," ते म्हणाले. "आपल्या देवाच्या बरोबर उलटं केलंय की गो यांनी! आणि नाक तुटलंय तरी बसलाय बघ कसा. किती जुना?"

"हज्जारो वर्षं," अंतरा म्हणाली.

"हजारो. आणि माझा एकही दहा दिवसांवर टिकला नाय."

त्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर करून टाकलं. जन्मभर पाण्यात जाणारी कामं केली, एकदा न बुडणारं काम बघून यायचं. सगळ्यांनी मिळून. डिसेंबरच्या सुट्टीत.

"वाळवंटात जेवायचं काय?" सासूबाईंनी, म्हणजे विमलबाईंनी, पहिला प्रश्न विचारला. "मी पोह्याचे पापड घेणार. सुकटीची चटणी घेणार. आणि आधीच सांगते, उंटावर मी नाय बसायची."

"उंटाला विचारलंस काय?" आबा म्हणाले. "तोच नाय म्हणंल."

मैथिलीचा नवरा आदर्श रोह्याजवळच्या केमिकल कंपनीत होता. त्यानं शिफ्टचं कॅलेंडर काढून रजा बघितली, पनवेलच्या एका टूरवाल्याचा नंबर बायकोच्या मोबाइलवर पाठवला आणि आपलं काम संपलं असं मानलं. आदर्शचा, मैथिलीचा आणि अंतराचा पासपोर्ट होता. आबा आणि विमलबाई या दोघांचेच काढायचे होते. मैथिलीनं उत्साहानं सुरुवात केली. तिथलं पाणी, तिथली थंडी, लहान मुलांची औषधं, सगळं वाचून काढलं. पिरॅमिडच्या आत उतरायची वाट अरुंद असते हे वाचल्यावर अंतरानं आत जायचं नाही, हेही ठरवून टाकलं.

मग गणपती आले, आणि तिचा हात थांबला.

हमरापूरच्या त्या कारखान्यात जुनी गिऱ्हाइकं अजून आपापला पाट आणून देतात. पाटामागे खडूनं घराचं नाव, आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती. मूर्ती तयार झाली की ओल्या मातीचा गोळा लावून ती पाटावर बसवायची हे काम आबा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. कुणाकडे कुठला जातो हे त्यांच्या डोक्यात असायचं. चतुर्थीच्या आदल्या दुपारी कामगार जेवायला बसले होते आणि मैथिली मूर्तींवर रुमाल टाकत होती. टाकता टाकता ती थबकली. गागोद्याच्या दत्तात्रेय नावाच्या गिऱ्हाइकाच्या पाटावर उजव्या सोंडेचा गणपती बसला होता.

गागोद्याचं ते घर उजव्या सोंडेच्या वाटेलाच जात नसे. त्याचं सोवळं कडक. चुकून काही राहिलं तर काय होईल या धास्तीनं माणसं दहा दिवस झोपली नसती. पेणच्या ज्या एका घरात पिढ्यान्‌पिढ्या उजव्याच सोंडेचा बसतो, त्यांचा पाट शेजारीच होता आणि त्यावर डाव्या सोंडेचा. माती अजून ओली होती. मैथिलीनं इकडेतिकडे बघितलं, श्वास धरला आणि दोन्ही मूर्ती उचलून आपापल्या पाटावर बसवल्या. मग त्यांच्यावर रुमाल टाकले. आबा आले, त्यांनी दोन्ही पाटांकडे बघितलं, रुमाल सारखे केले आणि पुढे गेले.

तिनं कुणाला सांगितलं नाही. थकले असतील, असं स्वतःला समजावलं. पण नवरात्रात आबा अंतराला घेऊन गाडीनं रोह्याला गेले, मैथिलीच्या माहेरी. नेहमीची वाट, स्टेशनपासून चालत जाण्याइतकं घर. परत आल्यावर अंतरा हसत हसत सांगू लागली, "आई, माहितीए, आजोबा रस्ताच विसरले! देवळापाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, आता तू सांग बघू. मग मीच नेलं त्यांना!"

"परीक्षा घेत होतो तुझी," आबा म्हणाले, आणि सगळे हसले. मैथिली हसली नाही. अंतराला आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण तिनं पोरीला हात धुवायला पिटाळलं.

त्या दिवसापासून तिला एकच चित्र दिसू लागलं. पिवळी वाळू, हजार माणसं, उंटवाल्यांचा गलका, आणि त्यात आबा उभे, कुठून आलो ते आठवत नाही असे. आणि त्यांच्या बाजूला अंतरा नाही.

ते बोलून दाखवायचं तर सासऱ्यांच्या डोक्यावर बोट ठेवल्यासारखं. कारखान्यात नाव त्यांचं, डोळ्यांची आखणी अजून त्यांच्या हातची. मग मैथिलीनं सोपी वाट धरली. आबांनी पासपोर्टचं विचारलं की ती म्हणायची, साइट बंद आहे. पुढच्या आठवड्यात म्हणायची, तारीखच मिळत नाही. टूरवाल्याचे फोन तिनं उचलले नाहीत. पासपोर्ट निघाला नाही की सहल आपोआप बारगळेल आणि कुणाचं मन दुखणार नाही, असा तिचा हिशोब.

तो मोडला शेजारच्या काशीबाईंनी. मुलाकडे दुबईला निघालेल्या काशीबाई नवा पासपोर्ट पदरात गुंडाळून दाखवायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "माझ्या नातवानं मोबाइलवर बोट फिरवलं आणि त्याच आठवड्यातली तारीख मिळाली गो. तुमचं अजून नाय?"

जेवताना विमलबाईंनी विषय काढलाच. "काय गो मैथिली, काशीबाईला तारीख मिळते आणि आपल्यालाच कशी मिळत नाय?"

आदर्शनं ताटातून वर बघितलं. "खरंच गं. माझ्या शिफ्टमधल्यानं पण परवाच घेतली. तू बघतेयस ना?"

मैथिलीच्या घशात घास अडकला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. जे बोलली होती तेही पाठ करून बोलली होती. तिनं पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि तो तसाच धरून राहिली.

"तिला काय विचारताय?" आबा म्हणाले. "माझाच जन्माचा दाखला मिळत नव्हता. मीच सांगितलं तिला, थांब म्हणून." आणि त्यांनी भात कालवायला घेतला.

आबांचा दाखला मैथिलीनं स्वतः फाइलीत लावला होता. जूनमध्येच. आबांनी तो बघितलाही होता.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती हमरापूरला गेली. एरवी डबा कामगाराबरोबर जायचा. कारखान्यात माघी गणपतींची तयारी चालू होती. ओल्या शाडूचा वास, कोपऱ्यात रेडिओ. आबा खिडकीपाशी एका लहान मूर्तीचे डोळे आखत होते. ब्रश मूर्तीवरून उचलला जाईपर्यंत ती उभी राहिली.

"बस," ते म्हणाले. "काल घास अडकला होता तुझा. आज तरी जेवलीस काय?"

"आबा, तुम्ही खोटं का बोललात?"

"तू बोलत होतीस ते नीट जमत नव्हतं. म्हटलं, आपण मदत करावी."

तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी. आबांनी ब्रश पाण्यात घोळवला.

"गागोद्याचा पाट तू बदललास," ते म्हणाले. "पाटाच्या कडेला बोटं उमटली होती ओल्या मातीची. बारीक बोटं. माझी नव्हती, कामगारांची नव्हती. तुला वाटलं, मला कळलं नाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस काय?" त्यांनी ब्रश फडक्याला पुसला. "मला कळतंय गो. नावं निसटतात. परवा विमलला हाक मारायची तर तिच्या आईचं नाव तोंडात आलं. रोह्याला त्या देवळापाशी तर सगळं पुसल्यासारखं झालं. पोरीला परीक्षा म्हणालो, दुसरं काय म्हणू?"

मैथिलीनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. जे बोलायचं होतं ते शेवटी बाहेर पडलं. "मला अंतराची काळजी वाटते आबा. तिथं गर्दीत तुमच्याबरोबर ती असली आणि तुम्हाला असं झालं तर? म्हणून मी तारीख घेतली नाही. मुद्दाम घेतली नाही."

"माहीत हाय."

"आणि एवढं जाऊन, एवढा त्रास काढून..." ती अडखळली.

"उद्या विसरलो तर काय उपयोग, असंच ना?"

तिनं मान खाली घातली.

आबांनी समोरच्या मूर्तीकडे हनुवटीनं दाखवलं. एक डोळा आखून झाला होता, दुसरा कोरा होता. "हा दीड दिवसाचा हाय. माघात बसला की दुसऱ्याच दिवशी पाण्यात जाईल, तासाभरात चिखल. मला ठाऊक, नेणाऱ्याला ठाऊक. तरी याच्या नखांना पण रंग देतो मी. नेणारा वाजतगाजत नेतो. विरघळणार म्हणून कुणी आणायचा राहिलाय काय?" मग आवाज खाली आला. "डोक्यात राहील तेवढं राहील. पण बघताना तर मी तिथं असेन ना? आणि तुम्ही सगळे बाजूला असाल."

रेडिओवर बातम्या लागल्या. मैथिलीच्या शिकलेल्या डोक्यात या हिशोबाला जागाच नव्हती, आणि तो चुकीचाही वाटत नव्हता.

"माझ्या अटी आहेत," ती शेवटी म्हणाली.

"बोल."

"आधी डॉक्टर. या आठवड्यात. ते हो म्हणाले तरच तिकीट. आणि घरात सगळ्यांना सांगायचं. आईंनाही."

"विमलला नको. ती घाबरंल."

"सांगायचं, आबा. एकटीनं लक्ष ठेवून मी दमले."

ते शेवटचं वाक्य ऐकून आबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "व्हय," ते म्हणाले. "ते माझ्या ध्यानात आलं नाय."

संध्याकाळी त्यांनी घरात सगळं सांगितलं. आदर्श आबांच्या शेजारी सरकून बसला. विमलबाई मात्र वालाच्या शेंगा सोलत राहिल्या. "मला काय आज कळलं?" त्या म्हणाल्या. "यांच्या सदऱ्याच्या खिशात रोज घरचा नंबर लिहून कोण घालतं? सदरा धुतला की नवी चिठ्ठी. यांना वाटतं दुकानाची पावती हाय."

आबांनी खिशात हात घातला, चिठ्ठी काढली, वाचली. "अगो! मी ही दोनदा रद्दीत टाकली."

"म्हणून तर तिसरी घातली."

अंतरा मोठ्यांचं बोलणं ऐकत शेंगांशी खेळत होती. "आजोबा रोह्याला रस्ता विसरले तेच ना?" ती म्हणाली. "मी सांगत होते तर आईनं हात धुवायला पाठवलं. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता ना, की दुखायला लागला. मी म्हटलं, सोडा की. तर म्हणाले, रस्ता सापडेपर्यंत नाय सोडायचा. रोह्याच्या आजीच्या दारात सोडला."

मैथिलीनं लेकीकडे बघितलं. अर्धीच गोष्ट ऐकून तिनं सगळं नवरात्र आणि दसरा धास्तीत काढला होता.

अलिबागच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या. सुरुवात आहे म्हणाले, पुढचं आताच सांगता येणार नाही. सहलीचं विचारलं तर म्हणाले, जायचं तर हीच वेळ, फक्त एकटं सोडू नका. मैथिलीनं बाहेरच्या बाकावर बसूनच पासपोर्टची तारीख घेतली. ती लगेच मिळाली. बाजूला बसलेल्या आबांनी ते बघितलं आणि खोकल्याचं निमित्त करून हसले.

ठरलेल्या दिवशी सगळेच निघाले. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि खिसा दोनदा चाचपून चिठ्ठी असल्याची खात्री केली होती. पासपोर्टच्या ऑफिसला जायचा रस्ता बाजारातून होता. हातगाड्या, रिक्षा, एसटीचा भोंगा, आठवडी बाजाराची गर्दी. आदर्शनं अंतराचा हात धरला आणि ती दोघं पुढे झाली. विमलबाई पापडवालीपाशी रेंगाळल्या, डिसेंबरचा भाव आजच विचारून ठेवायला.

रस्त्याच्या कडेला आबा थांबले. त्यांची नजर एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, आणि मध्येच कुठेतरी अडकली.

मैथिलीनं हात पुढे केला.

"अगो, लोक बघतात," आबा पुटपुटले. "सुनेचा हात धरून चालायचं? पेणच्या बाजारात?"

"तिथं हजार माणसांत धरायचाय. इथं सवय करा."

त्यांनी एकदा आजूबाजूला बघितलं आणि हात धरला. नखांत शाडू बसलेला, खरखरीत हात. रस्ता ओलांडून झाला, ऑफिसच्या पायऱ्या आल्या, तरी पकड सैल झाली नाही. बांगड्या मनगटात रुतल्या, बोटं दुखायला लागली.

पायरीवरून अंतरानं वळून बघितलं. "आई, दुखतंय ना? मी सांगितलं होतं!"

"दुखू दे," मैथिली म्हणाली, आणि हात तसाच ठेवून पायऱ्या चढू लागली.