कुवानची कपिताना

बिबियानाने माइक हातात घेतला, पण तोंडापासून वीतभर लांबच धरला. सभागृहात मागच्या बाकांवर खसखस पिकली.

"चावत नाही तो, काप," उपनगराध्यक्ष ओनोफ्रे म्हणाले. कपितानाला, म्हणजे गावच्या प्रमुखाला, सगळे ‘काप’च म्हणत.

"मी बिबियाना. कुवान बारांगायची कपिताना..."

हशा उसळला. तिला तो नवा नव्हता. एखादा शब्द आठवेनासा झाला की त्या अख्ख्या बेटावर माणसं ‘कुवान’ म्हणतात. ते कुवान दे गं, त्या कुवानला सांग रे. म्हणजे आपलं ‘ते हे’. फार वर्षांपूर्वी एका स्पॅनिश पाद्र्याने किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या माणसाला गावाचं नाव विचारलं. तो डोकं खाजवत "कुवान..." म्हणाला, आणि पाद्र्याने तेवढंच लिहून घेतलं. तिची वस्ती नकाशावर चढली ती अशी, अर्धवट.

ती पोब्लासियोनच्या, म्हणजे तालुक्याच्या मुख्य गावच्या, शाळेत शिकायला आली, तेव्हा मुली विचारायच्या, "कुठली गं तू?"

"कुवानची."

"आठव, आठव. आम्ही थांबतो."

गावाने कपिताना म्हणून निवडून दिलं त्या दिवसापासून तिने शुक्रवारचे उपास धरले होते. गावाला संताचं नाव मिळू दे, सान विसेंते म्हणू देत सगळे. आज नगरपरिषदेसमोर नाव बदलण्याच्या तिच्या अर्जाची शेवटची सुनावणी होती.

"अहो काप, आजूबाजूच्या प्रत्येक तालुक्यात एक सान विसेंते आहेच की," ओनोफ्रे म्हणाले.

"आणखी एक झालं तर संत काही रागावणार नाहीत," ती हळूच म्हणाली. या खेपेला लोक तिच्या बाजूने हसले. तिला जरा धीर आला.

तेवढ्यात दारातून पहारेकरी आत आला. टोपी त्याच्या हातात होती.

"काप, नानाय बाकावर नाहीत. मी पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात..."

माइक टेबलावर आडवा पडला.

नानाय तेओदोरा म्हणजे तिची आई. वर्षभरापासून एकेक शब्द तिला सोडून चालला होता. आधी भांड्यांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची. गेल्या महिन्यात लेकीचंही गेलं. घरी एकटीला ठेववत नाही म्हणून बिबियानाने तिला बरोबर आणून जिन्याखालच्या बाकावर बसवलं होतं, हातात तांदळाची वाफवलेली पुतो देऊन. बाकावर नुसतं केळीचं पान उरलं होतं.

बाजार झाला, धक्का झाला. चर्चमध्ये दर तासाला प्रार्थना म्हणणाऱ्या बायकांना तिने विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. संतांच्या पुतळ्यासमोर ती क्षणभर थांबली, पण हात जोडायचे सोडून तिने पुतळ्याच्या मागेच वाकून पाहिलं. चौकात दोन रस्ते फुटत होते, एक डोंगराकडे, एक समुद्राकडे. कुणी विचारलं तर नानाय काय सांगणार? तिला कुठे काही सांगता येतं?

फोन वाजला. कुवानची शेजारीण होती.

"काप, कुठं आहात? तुमची नानाय माझ्या पायरीवर बसलीय. उकडलेली केळी खातेय. वर मलाच विचारते, तू कुणाची गं?"

बिबियाना तिथेच रस्त्याच्या कडेला मटकन बसली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघितलं तर बघू दे.

ती गावी पोचली तेव्हा शेजारणीच्या अंगणात एक अनोळखी ट्रायसिकल रिक्षा उभी होती. पोट सुटलेला चालक केळ्यांचा पाहुणचार घेत होता.

"मी पलीकडच्या गावचा, काप. ही आजी चौकात उन्हात उभी होती. म्हटलं, लोला, कुठं जायचं? म्हणाली, कुवान..."

"आणि?"

"आणि काय? आणलं कुवानला. वाटेत विचारलं, कुणाच्या घरी? तर म्हणे, कुवानच्या घरी. म्हटलं, ऐका! आता गावात नेऊन उभी करतो, ओळखेल कुणीतरी."

बिबियाना हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे टिपावेत तसे ब्लाउजच्या बाहीने टिपले. नानायने तिच्याकडे पाहिलं आणि हातातलं अर्धं केळं तिच्यापुढे धरलं. तिने ते खाल्लं. शुक्रवार होता हे तिला घास गिळल्यावर आठवलं.

पुन्हा फोन वाजला. परिषदेची सचिव मिलाग्रोस होती.

"सापडल्या ना? देवाची कृपा! बरं, सगळे बसून आहेत, काप. मतदान घेऊ म्हणताहेत. सूर चांगला दिसतोय."

"मिलाग्रोस, अर्ज मागे घेते मी."

"काय? अहो, दोन वर्षं आमच्या डोक्यावर बसला होतात!"

"हो. चुकलंच ते."

"इतिवृत्तात कारण लिहावं लागतं, काप. काय लिहू?"

नानाय आता चालकाच्या ट्रायसिकलची घंटा वाजवून बघत होती. एकदा, पुन्हा एकदा.

"लिही," बिबियाना म्हणाली, "आई घरी पोचली."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"बरं," मिलाग्रोस म्हणाली. "लिहिते."